संगणकाच्या पेटींत नवें कार्ड

जुनी वस्तु दुरुस्त करून वापरावी, कीं तिला निरोप देऊन नवी आणावी, हा वाद प्रत्येक नांदत्या घरांत वर्षांतून दोनतीनदां तरी होतोच. शिवणयंत्र, मिक्सर, स्कूटर ह्यांच्या बाबतींत निकाल लावणें फारसें कठीण नसतें. कारण त्या वस्तूंचें अंतरंग आपणांस थोडेंबहुत ठाऊक असतें. परंतु मेजाखालीं ठेवलेली ती काळी लोखंडी पेटी, जिला आपण सर्वजण चुकीनें ‘सीपीयू’ म्हणतों, तिच्या पोटांत काय आहे हें घरांतील दहांपैकीं नऊ माणसांस ठाऊक नसतें. आणि जें ठाऊक नाहीं त्याविषयीं निर्णय देण्याचा अधिकार मात्र वडीलपणामुळें आपल्याकडेच चालत आलेला असतो. अशाच एका निर्णयांत आम्हीं २०२५ सालच्या आश्विनांत जी चूक केली, आणि ती निस्तरतांना जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

आमच्या घरीं २०१८ सालीं घेतलेला एक तयार संगणक आहे. तयार म्हणजे एका कंपनीनें कारखान्यांतच जुळवून, झांकण लावून, आपला शिक्का मारून विकलेला. बाजारांत ह्यास ‘ब्रँडेड’ म्हणतात. सुटे भाग घेऊन दुकानदार जो जुळवून देतो, तो ‘असेंबल्ड’. ब्रँडेड घेण्यांत आमच्या ज्येष्ठ बंधूंचा, म्हणजे दादांचा, हेतु सरळ होता. तक्रार कोणाकडे न्यावयाची तें एकदां निश्चित असावें, एवढेंच त्यांचें म्हणणें. पेटींत इंटेलचा आय-५ ८४०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी मेमरी व एक टीबीची हार्ड डिस्क. सात वर्षें त्यानें दादांचे हिशेब, वहिनींच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका व मातोश्रींचीं कीर्तनें विनातक्रार सांभाळलीं. मग दोन गोष्टी एकदमच घडून आल्या. विंडोज १० ह्या प्रणालीस १४ ऑक्टोबर २०२५ पासून मिळणारी कंपनीची नित्याची मदत बंद होणार, असा बोभाटा झाला. आणि आमचा पुतण्या वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षांत गेला.

वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांस आतां नुसता आराखडा काढून भागत नाहीं. ब्लेंडर नांवाचें एक साधन विनामूल्य मिळतें. त्यांत इमारत त्रिमितींत उभी करावी. मग सूर्याचा प्रकाश कोणत्या झरोक्यांतून कसा येईल, भिंतीवर आपटून फरशीवर कसा सांडेल, ह्याचा किरणागणिक हिशेब करून तें छायाचित्रासारखें चित्र काढून देतें. हा हिशेब आमच्या संगणकास झेपेना. एका वाड्याच्या चौकाचें एक चित्र काढावयास साडेसहा तास लागत. रात्रीं यंत्र चालूं करून मुलानें निजावें आणि पहाटे उठून पाहावें, तों पडवीचा एक खांब अधांतरीं राहिलेला! मग पुन्हां एक रात्र. अशीं आठ चित्रें त्याला नोव्हेंबरअखेर कॉलेजांत द्यावयाचीं होतीं.

घरांत विचारविनिमय झाला. दादांचें मत पडलें कीं, ज्याची विंडोज संपली त्याचें आयुष्य संपलें; साठसत्तर हजार घालून नवा संगणक घ्यावा, पण तो पुढच्या वर्षीं. मुलगा म्हणाला, "दादा, आपला प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे. विंडोज ११ साठीं चालणाऱ्यांच्या यादींत इंटेलची आठवी पिढी बसते. यंत्र बदलावयास नको, फक्त ग्राफिक्स कार्ड घाला." हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. परंतु ‘ग्राफिक्स कार्ड’ हा शब्द ऐकतांच घरांतील वडील माणसांच्या डोळ्यांपुढें बंदुकांचे खेळ उभे राहतात, तसे आमच्याहि राहिले. अखेर आत्याबाईंनीं गांठ सोडविली. त्या गेलीं वीस वर्षें आमच्याकडेच असतात. आपल्या ठेवीच्या व्याजांतून सांठविलेले पंधरा हजार रुपये त्यांनीं मुलाच्या हातीं ठेवले, आणि "शिक्षणाला हवेंय ना? मग झालं तर," एवढेंच म्हणाल्या. त्यांच्या पैशाला पाय फुटूं नयेत म्हणून खरेदीस बरोबर जाण्याची जबाबदारी आम्हीं आपल्या शिरावर घेतली.

हें कार्ड म्हणजे काय, तें आधीं सांगितलें पाहिजे. नेहमींच्या मॉनिटरच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर ते वीस लक्ष त्र्याहत्तर हजार सहाशें होतात. दारापुढें एवढ्या ठिपक्यांची रांगोळी घालावयाची, आणि हलतें चित्र असेल तर दर सेकंदास ती साठ वेळां पुसून पुन्हां घालावयाची, असें समजावें. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा अत्यंत बुद्धिमान, पण त्याला हात सहा. कोणतेंहि अवघड काम तो करील, पण एका वेळीं थोडेंच. ग्राफिक्स कार्डांत साध्या बुद्धीचे शेंकडों, हजारों हात असतात. त्यांस शास्त्रार्थ येत नाहीं; परंतु ‘हा ठिपका तांबडा, तो पिवळा’ एवढें सांगितलें कीं सारी रांगोळी एकदम भरून निघते. प्रकाशकिरणांचा हिशेब हेंहि असेंच काम आहे. प्रत्येक किरण आपापल्या वाटेनें जातो, त्याला शेजारच्याची वाट पाहावी लागत नाहीं. साध्या संगणकांत चित्र काढण्याची जुजबी सोय प्रोसेसरच्या पोटांतच असते, आणि पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें, नाटक-सिनेमा पाहणें ह्यांस ती पुरून उरते. ज्यांच्या घरीं ह्यापलीकडे काम नाहीं, त्यांनीं कार्डाच्या भानगडींत पडूंच नये, हें आमचें स्पष्ट मत आहे. कार्ड घातल्यानें संगणक सरसकट ‘फास्ट’ होतो, ही समजूत निव्वळ खुळी होय. ज्याचा संगणक उघडावयासच पांच मिनिटें घेतो, त्यानें जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसवावी. खर्च कार्डाहून कितीतरी कमी, आणि फरक पहिल्याच दिवशीं दिसतो.

हीं कार्डें खेळांच्या पायींच वाढलीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगावें लागेल. १९९३ सालीं स्थापन झालेल्या एनव्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीनें १९९९ सालीं जीफोर्स २५६ हें कार्ड काढलें, आणि ‘जीपीयू’ हा शब्द त्याबरोबर रूढ केला. पुढें २००७ सालीं ‘कुडा’ नांवाची सोय तिनें उपलब्ध करून दिली. त्यामुळें चित्रांखेरीज दुसरे गणितीहि हिशेब कार्डाकडून करून घेतां येऊं लागले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो एवढा गवगवा आहे, ती बहुतांशीं अशाच कार्डांच्या राशींवर पोसलेली आहे. ह्या कंपनीची एक कचेरी आमच्या पुण्यांतहि आहे, आणि तेथें काम करणारीं मुलें आतां पुष्कळ घरांत निघतील. असो.

आतां आमच्या फजितीकडे वळूं. दुकानदारानें आमचें सारें ऐकून घेतलें आणि वापरलेलें एक जीफोर्स जीटीएक्स १६६० सुपर हें कार्ड पुढें केलें. किंमत साडेनऊ हजार. कार्ड स्वतः चांगलें. २०१९ सालचें, १,४०८ गणकगाभ्यांचें, ६ जीबी मेमरीचें. वापरलेल्या कार्डांचा बाजार हल्लीं मोठा आहे. पूर्वीं इथर ह्या आभासी चलनाच्या ‘खाणकामा’साठीं लोक रात्रंदिवस कार्डें राबवीत, आणि त्यापायीं २०२१ सालीं नवीं कार्डें अव्वाच्या सव्वा किंमतीस जात. सप्टेंबर २०२२ मध्यें त्या चलनाची रीत बदलली, खाणकाम बसलें, आणि राबून निघालेलीं कार्डें बाजारांत आलीं. त्यांतलेंच हें एक असावें. मुलानें कार्ड हातीं घेऊन त्याच्या कडेची आठ सुयांची खांच पाहिली, आणि तो म्हणाला, "ह्याला एसएमपीएसमधून वेगळी तार लागते. आपल्या पेटींत ती आहे कीं नाहीं, घरीं जाऊन लेबल बघूं, मग घेऊं." दुकानदार हंसला व म्हणाला, "त्याला अडॅप्टर मिळतो, साडेतीनशें रुपयांचा." आणि आम्हीं, वाचकहो, त्या दुकानदाराकडे पाहून मान डोलविली व मुलास म्हटलें, "त्यांचा हा रोजचा धंदा आहे. तुझ्यापेक्षां त्यांना जास्त कळतें."

कार्ड बसलें. चित्र अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळांत निघालें. मुलाला आनंद झाला, आम्हांस आपल्या व्यवहारज्ञानाचें कौतुक वाटलें. तिसऱ्या रात्रीं मुलानें एकामागून एक चार चित्रें लावून दिलीं व तो निजला. रात्रीं दोनच्या सुमारास मातोश्री पाणी प्यावयास उठल्या, तों त्यांस माजघरापर्यंत करपट वास आला. प्रथम त्यांस वाटलें, गॅसवर दूध राहिलें. स्वयंपाकघरांत कांहीं नव्हतें. वासाच्या मागानें त्या संगणकापाशीं गेल्या, तेव्हां पेटीच्या मागल्या जाळींतून धुराची बारीक रेघ निघत होती. पेटीला हात न लावतां त्यांनीं भिंतीवरचें बटण बंद केलें आणि दादांना हांक मारली. सकाळीं झांकण काढून पाहतों तों अडॅप्टरचें काळें टोंक वितळून एसएमपीएसच्या तारेला चिकटलेलें, आणि तारेचें पिंवळें वेष्टण दोन इंच जळालेलें. संगणकाच्या मागें खिडकीचा पडदा होता, आणि शेजारच्या खोलींत धाकटीं दोन मुलें निजलीं होतीं.

दुकानदारानें कार्ड परत घेण्याचें साफ नाकारलें. वापरलेल्या मालाला परतावा नाहीं, असें त्याचें म्हणणें. त्या दिवशीं मुलास आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलावयास तोंडहि नव्हतें. संध्याकाळीं मात्र कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यापाशीं बसलों व म्हटलें, "काय चुकलें तें आतां आम्हांस शिकव." त्यानें जें सांगितलें तें, आमच्या मतें, प्रत्येक घरांतील कर्त्या माणसानें एकदां समजून घ्यावें असें आहे.

एसएमपीएस म्हणजे भिंतींतील वीज घेऊन पेटींतील भागांस वाटणारा डबा. त्याच्या अंगावर लेबल असतें. आमच्या डब्यावर २९० वॅट होते. प्रोसेसरचे नांवाला ६५, ताण पडला तर कांहीं काळ त्याहून अधिक, कार्डाचे १२५, बाकीच्या सरंजामाचे तीसचाळीस. बेरीज केली तर डब्याच्या शक्तीच्या आंतच राहते. म्हणजे वॅट होते, वाट नव्हती. कार्डाला वीज पोंचण्याचे दोन मार्ग असतात. एक, ज्या लांब खांचेंत तें बसतें त्या खांचेंतून; ही जास्तींत जास्त ७५ वॅट देते. दुसरा, एसएमपीएसमधून थेट येणारी तार. सहा सुयांची असेल तर ७५ वॅट, आठ सुयांची असेल तर १५०. कंपनीनें आमच्या पेटींत कधीं कार्ड बसेल अशी कल्पनाच केली नव्हती, म्हणून ही तार मुळांतच नव्हती. दुकानदाराच्या अडॅप्टरनें ती वीज साटा तारेवरून घेतली, म्हणजे जी तार हार्ड डिस्कसाठीं किंवा सीडीच्या यंत्रासाठीं असते तिच्यावरून. ह्या साटा जोडांत १२ व्होल्टच्या तीन सुया, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपियर. सर्व मिळून ५४ वॅट. आणि पुढल्या टोंकाला आठ सुयांचें कार्ड १५० पर्यंत मागावयास मोकळें! हौदाला नळ मोठा लावला, पण मधली नळी पिचकारीची. कार्डानें मागितलें, तारेनें दिलें, आणि देतां देतां ती जळाली. दोन रात्री टिकली, कारण तेव्हां काम अर्ध्या तासाचें होतें. तिसऱ्या रात्रीं तें दोन तास चाललें. साटा तारेवरून कार्डाला वीज देणारा अडॅप्टर कोणीहि, कितीहि आग्रहानें दिला, तरी घरांत येऊं देऊं नये.

जोड वितळण्याचा प्रकार केवळ आमच्यासारख्या काटकसरी लोकांच्याच वांट्यास येतो असें नाहीं. २०२२ सालीं जीफोर्स आरटीएक्स ४०९० हें ४५० वॅटचें अतिशय महागडें कार्ड निघालें, तेव्हां त्याच्याहि नव्या पद्धतीच्या जोडाच्या तक्रारी देशोदेशींहून आल्या. तो जोड पुरता आंत न बसविल्यामुळें असें होतें, असें कंपनीनें सांगितलें, आणि पुढें त्या जोडाची रचनाहि सुधारण्यांत आली. विजेचा जोड हा शेवटपर्यंत बसला पाहिजे, मग तो पाटावरवंट्याच्या किंमतीचा असो कीं मोटारसायकलच्या.

दादांनीं विचारलें, मग एसएमपीएसच मोठा घालावा. असेंबल्ड संगणकांत हें सहज होतें. कारण त्यांतील जोड १९९५ सालीं इंटेलनें घालून दिलेल्या एटीएक्स ह्या सर्वमान्य मापाचे असतात. परंतु कित्येक कंपन्या आपल्या तयार संगणकांत मदरबोर्डाला वीज देणारा जोड स्वतःच्याच मापाचा करतात. नेहमींचा जोड चोवीस सुयांचा. आमच्या बोर्डावर सहाचाच निघाला. कांहीं पेट्यांत एसएमपीएसचा आकारहि वेगळा असतो, मग बाजारांतला डबा आंत मावतच नाहीं. ब्रँडेड घेतल्यानें तक्रार कोणाकडे न्यावयाची तें निश्चित होतें, हें दादांचें म्हणणें खरें. पण दुरुस्तीहि मग त्यांच्याच दाराशीं न्यावी लागते.

तेव्हां राहिला एकच मार्ग. जें कार्ड खांचेंतल्याच ७५ वॅटवर भागवितें, ज्याला वेगळी तार लागतच नाहीं, असें शोधावयाचें. ह्या वेळीं शोध मुलानें केला, आणि आम्ही फक्त प्रश्न विचारीत होतों. अशा अल्पसंतुष्ट कार्डांत तीन नांवें पुढें आलीं. एएमडीचें रेडिऑन आरएक्स ६४०० हें ५३ वॅटांतच भागवितें, आणि तें अर्ध्या उंचीचेंहि मिळतें, म्हणून बारीक चणीच्या पेट्यांस सोयीचें. पण त्यांत एक खोंच आहे. खांच सोळा पदरी असली तरी हें कार्ड तिच्यांतले चारच पदर वापरतें. नव्या, चौथ्या पिढीच्या बोर्डावर तें खपून जातें; आमच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तोच रस्ता निम्म्या वेगाचा होतो. शिवाय चलच्चित्र दाबून लहान करण्याची यंत्रणा त्यांत गाळलेली आहे. ही गोष्ट वेष्टणावर ठळक लिहिलेली नसते. खोदून विचारावी लागते. दुसरें जीफोर्स जीटीएक्स १६५०, हें २०१९ सालचें, ४ जीबी मेमरीचें. चांगलें, परंतु मेमरी तोकडी. ब्लेंडरमध्यें सबंध देखावा कार्डाच्या मेमरींत मावावा लागतो. चौकांत आंब्याचें झाड लावलें कीं पानापानाची नोंद तेथें चढते. तिसरें जीफोर्स आरटीएक्स ३०५०, त्यांतलें ६ जीबीचें. हें फेब्रुवारी २०२४ मधलें. ७० वॅट, २,३०४ गाभे, आणि किरणांचा हिशेब करणारी स्वतंत्र यंत्रणा. ह्याच नांवाचें ८ जीबीचें एक थोरलें भावंड आहे, आणि त्याला वेगळी तार लागते! नांव तेंच, गुण वेगळे. मागवितांना एका अंकाची चूक झाली तर पुन्हां पहिलेच पाढे. इंटेलचीं आर्क कार्डेंहि स्वस्त मिळतात. पण बोर्डावर ‘रिसायझेबल बार’ नांवाची सोय नसेल तर तीं आपली खरी चाल दाखवीत नाहींत, आणि २०१८ च्या तयार संगणकांत ती बहुधा नसते. फारच जुनीं, दहा क्रमांकाच्या मालिकेंतलीं जीटीएक्स कार्डें कोणी स्वस्तांत दिलीं तरी आतां विचार करावा. ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियानें त्यांच्या ड्रायव्हरचें नवें काम थांबविलें असून, सुरक्षेपुरती डागडुजी तेवढी चालूं ठेविली आहे.

आरटीएक्स ३०५० ठरलें. किंमत सतरा हजार आठशें. आत्याबाईंच्या पैशांतले पांच हजार दीडशें उरले होते; बाकीचे आम्हीं घातले, आणि तें योग्यच होतें. विकत घेण्यापूर्वीं मुलानें पेटी उघडून आंतील जागा फूटपट्टीनें मोजली. कार्ड साडेसात इंच लांब, दोन खांचांची जाडी व्यापणारें. आमच्या पेटींत हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत सव्वानऊ इंच मोकळे निघाले.

धनत्रयोदशीच्या सकाळीं कार्ड बसविण्याचा समारंभ झाला. समारंभच म्हणावयाचा, कारण घरांतील सर्वजण भोंवतीं होते. प्रथम जळकी तार, तिचा दुसऱ्या कोणत्याहि भागास स्पर्श होणार नाहीं अशी, मुळापासून अलग बांधून ठेवण्यांत आली. हें काम आमच्या माहितींतील एका विद्युत्-अभियंत्याकडून करवून घेतलें. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडावयाचा नाहीं हें त्यांनीं बजावलें; आंतील कपॅसिटरांत वीज बंद केल्यावरहि भार शिल्लक राहतो. त्यांनीं डबा तपासून दिला, तेव्हांच पुढें पाऊल टाकलें. मग भिंतीवरचें बटण बंद, तार काढलेली, पेटीचें बटण कांहीं क्षण दाबून धरलेलें. मुलानें पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरविली. पेटीच्या पाठीच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या काढल्या. कार्डाची सोनेरी कड खांचेसमोर नीट धरून दोन्ही अंगठ्यांनीं सारखा दाब दिला. टक् असा आवाज झाला व खांचेच्या शेवटची कळ आपोआप वर आली. ही कळ नाजूक असते. कार्ड काढतांना ती आधीं दाबावी लागते, हें विसरून लोक ती मोडतात. मग एक स्क्रू पिळला, आणि झांकण.

बटण दाबलें. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडदा काळाच! दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलानें पुन्हां कार्ड काढून घातलें. तेंच. तेव्हां आमची नऊ वर्षांची पुतणी पेटीच्या मागें वाकून म्हणाली, "पण तार तर जुन्याच भोंकांत आहे." खरेंच, मॉनिटरची तार संवयीनें बोर्डावरच्याच जोडांत गेली होती, चित्र आतां कार्डांतून निघत होतें. तार बदलली आणि पडदा उजळला. आमच्या मॉनिटरला एचडीएमआय आहे म्हणून भागलें. ज्यांचा मॉनिटर निळ्या टोंकाच्या व्हीजीए तारेचा आहे, त्यांस नव्या कार्डावर तो जोड सांपडणार नाहीं. लहानसा कन्व्हर्टर आधींच आणून ठेवावा. त्यानंतर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घेतला. तो घातल्यावांचून कार्ड नुसतें उजेड दाखवितें, काम करीत नाहीं. ब्लेंडरमध्येंहि ‘प्रोसेसरऐवजीं कार्ड वापर’ असें एकदां सांगावें लागतें. मुलाच्या एका वर्गमित्रानें तें न सांगतां दोन महिने कार्ड नुसतें मिरवलें होतें.

चौकाचें तेंच चित्र चौतीस मिनिटांत निघालें. पेटी किती वीज घेते तें दादांनीं मीटर लावून पाहिलें. पूर्वीं साडेसहा तासांत सुमारें पाऊण युनिट जाई. आतां घेण्याचा जोर अधिक, पण वेळ इतका थोडा कीं युनिटाचा दहावा हिस्साहि जात नाहीं. मुलगा रात्रीं झोपूं लागला, हा हिशेब वेगळाच. आठहि चित्रें वेळेवर गेलीं. एकदां मात्र, अंगणांत झाडें फार झालीं तेव्हां, कार्डानें मेमरी संपल्याचें सांगून काम थांबविलें. झाडांचीं चित्रें लहान करून त्यानें वेळ मारून नेली. विंडोज ११ त्याच आठवड्यांत बसविली. तिला हवी असलेली टीपीएम नांवाची सुरक्षेची कळ आमच्या बोर्डावर होती, फक्त ती बंद होती.

खेळांची भीति खोटी ठरली असें मात्र नाहीं. दिवाळीच्या सुटींत धाकट्या मंडळींनीं मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ घातलाच, आणि एके दुपारीं वहिनींस दादाहि त्याच्यापुढें बसलेले आढळले. ह्यावर घरांत अद्याप एकमत नाहीं.

पहिलें कार्ड, ज्याचा स्वतःचा कांहींच दोष नव्हता, तें मुलाच्या वर्गमित्रानें साडेआठ हजारांस घेतलें. त्याच्या असेंबल्ड पेटींत आठ सुयांची तार कंपनीचीच होती, आणि ती मुलानें आधीं जाऊन पाहून आल्यावरच व्यवहार झाला. ते पैसे आम्हीं आत्याबाईंपुढें ठेवले. त्या म्हणाल्या, "ती मेमरी कीं काय, ती आठची सोळा करा असं तो परवां म्हणत होता. तिला घाला." मेमरीची दुसरी पट्टी आणण्यांत आम्हीं महिनाभर चालढकल केली, आणि २०२५ सरतां सरतां मेमरीचे भाव एकाएकीं असे चढले कीं, दिवाळींत जी पट्टी सहज आली असती तिच्यासाठीं त्या पैशांतील बराच मोठा भाग खर्ची पडला. पट्टी आणावयास ह्या खेपेस मुलगा एकटाच गेला होता. येतांना तो बोर्डाला चालणारीच, त्याच वेगाची पट्टी घेऊन आला, आणि उरलेले पैसे त्यानें पावतीसह आत्याबाईंच्या हातीं दिले.